दिवसा सोफा

“आब्ला, तुम्ही झोपता कुठल्या कुशीवर?” दुकानदाराने विचारलं, आणि नेरिमान कानकोंडी झाली. प्रश्नात वावगं काही नव्हतं. सोफा उघडून सपाट केला की पाठ आणि बैठक यांच्यामध्ये एक फट राहते, उताणं झोपणाऱ्याला ती जाणवत नाही, कुशीवर झोपणाऱ्याला मात्र बरगडीत टोचते, असं तो पिकल्या मिशीचा माणूस दोन्ही हातांनी हवेत दाखवून समजावत होता. समोर बाईमाणूस म्हणून तो तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणत होता आणि आवाजही त्याने जरा खाली आणला होता. पण पन्नाशी उलटून गेली तरी हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तिच्यामागून रिदवान म्हणाला, “तिचं काही नाही हो. आमची आब्ला कशीही झोपते.” दुकानदार हसला, रिदवान हसला, आणि सवयीने तीही हसली.

कशीही झोपते. म्हणजे या धाकट्या भावाने कधीतरी पाहिलं असणार. पाहिलं असणारच, कारण फातिह वस्तीतल्या आईबाबांच्या घरात स्वयंपाकघरात जायचं तर दिवाणखान्यातूनच जावं लागे, आणि दिवाणखान्यात ती झोपलेली असे. रिदवानला रात्री तहान लागायची. तो दिवा लावायचा, पाणी प्यायचा, आणि पुष्कळदा दिवा तसाच ठेवून आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. ती उठून दिवा बंद करायची. उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायची ती. पण ती काही तिची आवड नव्हती. समोर टीव्ही होता. बाबांच्या बातम्या, बातम्यांनंतर फुटबॉल, फुटबॉलनंतर त्या फुटबॉलवर चार टकल्यांची चर्चा. हे सगळं पार पडेपर्यंत तिचं अंथरूण म्हणजे सगळ्यांची बैठकच असे. मग एकेक जण उठायचा, ती सोफा ओढून सपाट करायची, आणि बाबा मात्र खुर्चीत बसून आवाज बारीक करून अजून थोडं बघायचे. तो निळा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती भिंतीकडे वळायची. असं करता करता ती कूस अंगवळणी पडली, आणि पुढे बाबा गेले, तो टीव्ही गेला, तरी ती भिंतीकडेच वळत राहिली.

आज सकाळी रिदवान तिला गाडीतून घ्यायला आला होता. परवा त्याचं विमान होतं. बायकोला, गुलतेनला, घेऊन तो उमऱ्याच्या यात्रेला चालला होता, आणि पवित्र भूमीवर पाऊल ठेवायचं तर मागे कुणाचा हक्क अडकलेला असून चालत नाही. कुणाचं काही खाल्लं असेल, कुणाला दुखवलं असेल, तर निघण्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन म्हणायचं, तुझा माझ्यावरचा हक्क हलाल कर. आणि त्याने म्हणायचं, हलाल असो. एकदा म्हटलं की सुटला. नाही म्हटलं तर तो हक्क मागे लागतो तो थेट शेवटच्या दिवसापर्यंत, आणि तिथे देवसुद्धा मध्ये पडत नाही म्हणतात. ज्याचं त्यानेच सोडावं लागतं. उम्रानियेतल्या या दुकानापर्यंतच्या रस्त्यात रिदवानने गाडीतल्या फोनवरून एकेकाला गाठून घेतलं. जुना भागीदार, ज्याच्याशी तो कोर्टात भांडला होता. वरच्या मजल्यावरची शेजारीण. सैन्यातला कुणी मित्र. सगळे कसे चटकन म्हणत होते, हलाल असो, आमच्यासाठीही दुआ कर. इतकं चटकन, की नेरिमानला वाटलं, हे लोक आधीच तोंडात शब्द धरून बसलेत की काय. रिदवान प्रत्येक फोननंतर मोकळा श्वास सोडत होता आणि गाडी जरा जोरात हाणत होता. तिचं नाव त्याने अजून घेतलं नव्हतं. ते सोफा घेतल्यानंतरचं काम होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला तिच्याकडून तो एक शब्द हवा होता, आणि तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की तो आपल्याकडे शिल्लक आहे की नाही.

दुकानात शिरल्या शिरल्या तिला पलंग दिसला होता. सोफ्यांच्या रांगेपलीकडे, भिंतीशी. साधाच, अक्रोडी रंगाचा, दीड माणसाचा. डोक्याकडे लाकडी फळी, त्यावर पुस्तक नाहीतर पाण्याचा पेला ठेवता येईल एवढी पट्टी. पलंगाचा दिवसा दुसरा काहीच उपयोग नव्हता, आणि तेच तिला भारी वाटलं. सकाळी उठावं, बाहेर जावं, चार तासांनी परत यावं, तर तो पलंगच. कुणी बेल वाजवली म्हणून त्याला लगबगीने सोफा व्हायचं नाही. ती नकळत जाऊन त्याच्या कडेवर टेकली होती. दुकानदाराने लगेच चहा मागवला आणि म्हणाला, एकट्या माणसाला हा फार उत्तम, आब्ला. रिदवानने खिशातून मोजपट्टी काढली. गेल्या आठवड्यात तो तिच्या कासिमपाशाच्या खोलीत येऊन मापं घेऊन गेला होता. नळ आणि न्हाणीघराच्या सामानाचं त्याचं दुकान, त्यामुळे मापं घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. पलंगाची लांबी-रुंदी घेऊन त्याने मान हलवली. हा टाकला तर दार पुरतं उघडायचं नाही, म्हणाला. आणि टाकलाच, तर आल्यागेल्याने बसायचं कुठे? आईला जाऊन वर्ष होईल तेव्हा मौलिदचं पठण ठेवायचं ते तुझ्याकडेच, गुलतेनने नवे गालिचे घातलेत, आमच्याकडे तीसेक बायका यायच्या म्हणजे... पुढचं त्याने हातानेच सांगितलं. नेरिमान पलंगावरून उठली आणि तिने मागे वळून चादरीवरची सुरकुती सारखी केली.

सोफा-कम-बेडांची रांग मोठी होती. इकडे त्याला चेकयात म्हणतात, ओढा आणि पडा. नावातच सगळं आलं. दुकानदार एकेक उघडून दाखवत होता, आणि प्रत्येक वेळी खटका बसायचा तो आवाज ऐकला की नेरिमानचे हात आपोआप पुढे व्हायचे. खालच्या पेटीतून उशी काढायला. पहाटे तिला सगळ्यांच्या आधी उठावं लागे. आई म्हणायची, घराची अब्रू दिवाणखान्यात असते, आणि सकाळी सकाळी कोण दारात उभं राहील सांगता येत नाही. तेव्हा अंधारातच चादर, रजई, उशी, रात्रीचा झगा, सगळं पेटीत कोंबायचं, पाठ वर उचलायची, वरून विणलेला रुमाल टाकायचा. कुणी आलं तर ओळखू येता कामा नये, की या घरातल्या मुलीला खोली नाही. एकदा तिला कडाडून ताप भरला होता. खालच्या मजल्यावरची बाई विचारपूस करायला येतेय असं जिन्यातून कळलं, तर आईने तिला उठवून सोफा बंद करायला लावला. आणि मग त्याच सोफ्यावर बसून ती बाई आईला विचारत होती, पोरीला बरं नाही म्हणतात, मग ती आपल्या खोलीत पडून का नाही. पोर समोरच खुर्चीत अंगावर शाल घेऊन बसली होती. दात वाजत होते, पण केस विंचरलेले होते.

“हा बघा, हा बोटाने उघडतो,” दुकानदार म्हणाला. रिदवानने बोटाने उघडून पाहिला आणि फोन लावला. फोनच्या काचेत गुलतेनचा चेहरा आला, मागे बॅगा पसरलेल्या. तिने फोनमधूनच सोफा वरून, खालून, मागून बघितला. उजळ रंग नको म्हणाली, डाग दिसतात, आब्ला काही रोज रोज धुणार आहेत का. तो उंदराच्या रंगाचा घ्या. आणि पेटी मोठी आहे ना बघा, आमचे थंडीचे कपडेही ठेवता येतील त्यात, उन्हाळ्यापुरते. नेरिमान हातात चहाचा पेला धरून उभी होती. पेला कडेला धरला तरी बोटं भाजत होती. गुलतेन वाईट बाई नव्हती. रजेच्या दिवशी हातात हात घ्यायची, गालाला गाल लावायची, जाताना उरलेला बक्लावा डब्यात भरून द्यायची. फक्त तिच्या डोळ्यांपुढे आब्ला आली की सोबत कुठलीतरी पेटी, कपाट, ठेवायची जागा यायची. आणि हे तिला शिकवलं कुणी, तर फातिहच्या त्या घराने.

त्या जुन्या सोफ्यावर मागणीला आलेले लोकही बसले होते. नेरिमान तेव्हा नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर नुकतीच लागली होती, आणि शेजारच्या खिडकीवरचा मुनीर नावाचा उंच, जरा वाकून चालणारा मुलगा आपल्या आईवडिलांना घेऊन आला होता. रीतीप्रमाणे तिने कॉफी केली, थाळा नेला, मान खाली घालून एकेकापुढे धरला. मुनीरची आई ऐसपैस बसली होती. कॉफी देताना नेरिमानच्या डोक्यात एवढंच घोळत होतं, की हिच्या बुडाखाली, पेटीत, माझा झगा आहे, बाहीला फाटलेला. तिला हसू फुटायला आलं, आणि मुनीरने ते पाहिलं, आणि तोही हसला. तिच्या आयुष्यात त्या हसण्याइतकं स्वतःचं असं दुसरं काही घडलं नाही. पाहुणे कॉफी पिऊन मुद्द्यावर येणार, तोच आई म्हणाली, आमच्या मनात अजून दोन-चार वर्षं नाही. तिचे वडील गेलेत, रिदवानचं शिक्षण व्हायचंय. आईने तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली. आई पाहुण्यांकडे वळून म्हणाली, तिचीही तीच इच्छा आहे. दोन-चार वर्षांनी मुनीरचं लग्न झालं आणि पेढे आणावेत तसा लोकुम मिठाईचा डबा घेऊन तो तिच्या खिडकीवर आला. तिने एक तुकडा खाल्ला.

मग रिदवानचं लग्न झालं. तो बेलिकदूझूला नव्या इमारतीत राहायला गेला, आणि त्याची खोली रिकामी झाली. त्या रात्री नेरिमानने मनात सामानसुद्धा लावलं होतं: पलंगाचं तोंड खिडकीकडे फिरवायचं, दारामागे खुंटी. सकाळी आईने त्या खोलीत धुतलेला पलंगपोस घातला, पडदे ओढले आणि दार लोटलं. रिदवान येईल ईदला, म्हणाली, मुलं होतील, त्यांना घेऊन येईल, पोराला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायला नको. रिदवान ईदला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. वीस वर्षांत तो तिथे किती रात्री झोपला हे मोजायला एका हाताची बोटं जास्त झाली असती. पलंगपोस मात्र दर महिन्याला धुतला जायचा, आणि धुवायची नेरिमान. भिंतीपलीकडे एक अख्खा पलंग रिकामा, आणि भिंतीअलीकडे ती फटीवर पडलेली. माणसाने रडावं तरी किती, आणि कुणापुढे. आईपुढे विषय काढायचा तिने एकदाही प्रयत्न केला नाही. का केला नाही, हे तिला आता सांगता येत नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि नेरिमान तिच्या पायथ्याशी जमिनीवर गादी टाकून झोपू लागली. शेवटच्या आठवड्यात आईने रिदवानला जवळ बोलावून सांगितलं, माझा हक्क तुला हलाल आहे, बाळा. नेरिमानचा हात धरून म्हणाली, रिदवानला दुखवू नकोस. घर आईने केव्हाच रिदवानच्या नावावर केलं होतं. बाईच्या नावावर घर असलं की लोक डोळा ठेवतात, असं तिचं म्हणणं होतं म्हणे. हे नेरिमानला कळलं ते भूकंपाच्या भीतीने इमारत पाडायचं ठरलं आणि सह्यांना फक्त रिदवानला बोलावणं आलं तेव्हा. त्या जागी बांधायचं नवीन घर आता त्याच्या मुलाला, लग्नासाठी. आणि तिला कासिमपाशाची भाड्याची खोली, जिच्या भाड्यातच तिची पेन्शन आटोपते.

तिला आईच्या जनाज्याचा दिवस आठवत होता. मशिदीच्या आवारात इमामाने विचारलं, मयताला आपला हक्क हलाल करता का? पुरुषांनी एका आवाजात म्हटलं, हलाल असो. मागे बायकांच्या घोळक्यात तिनेही म्हटलं. तोंडातून शब्द गेला तेव्हा तिला वाटलं होतं, संपलं. पण आठ महिने झाले तरी काही संपलं नव्हतं.

“मग हाच करू या,” रिदवान म्हणाला. उंदराच्या रंगाचा, बोटाने उघडणारा. दुकानदाराने तो पुन्हा एकदा मिटवून दाखवला आणि बिलाचं पुस्तक काढलं. पत्ता रिदवानने सांगितला, खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही, हेही सांगितलं. पाकिटातून कार्ड काढून तो गल्ल्यापाशी उभा राहिला, आणि कार्ड देण्याआधी तिच्याकडे वळला. त्याने हातही छातीवर ठेवला. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा लहानपणीसारखा दिसला, काहीतरी फोडून झाल्यावर दिसायचा तसा, आणि तिला त्याची माया आली. खोटं कशाला बोला, आलीच.

“आब्ला, परवा निघतोय मी. रस्ता लांबचा आहे, जाणं आपल्या हातात, येणं नाही. माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल. तुझा हक्क हलाल कर.”

तिच्या ओठांनी शब्दाची तयारीसुद्धा केली. पन्नास वर्षांचं वळण होतं ते. पण आवाज आला नाही. दुकानदाराने अदबीने पेन खाली ठेवलं होतं. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते आणि काचा थरथरत होत्या. रिदवानने थोडा वेळ वाट पाहिली, मग हसून दुकानदाराकडे वळला.

“केला. आमची आब्ला पहिल्यापासून अशीच. गप्प राहिली म्हणजे हो.”

“अल्ला कबूल करो, हाजीसाहेब,” दुकानदार म्हणाला आणि त्याने कार्ड घ्यायला हात पुढे केला.

“मी काही म्हटलं नाही, रिदवान,” नेरिमान म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, बारीक आणि कोरडा.

“अगं, मग म्हण ना.”

“सोफा घेतोयस, तर सोफ्याचं हलाल. बाकीचं नाही.”

रिदवानने आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग दाराकडे. दोन पावलं तिच्याजवळ येऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, “बाकीचं म्हणजे काय? घर? घर आईने दिलं, मी मागितलं नव्हतं. आणि तुला काय रस्त्यावर सोडलंय का मी?”

घर. त्याला घरच आठवावं, हे बरोबरच होतं. तिलाही वाटलं होतं की आपण घराचंच बोलणार. पण तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच. “तुझी खोली वीस वर्षं रिकामी होती.”

त्याला खरोखरच समजत नव्हतं, हे तिला दिसलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ढोंग असतं तर बरं झालं असतं.

“मग झोपायचंस की तिथे,” तो म्हणाला. “मी कधी नको म्हटलं? तू मागितलीस का कधी?”

“नाही मागितली.”

“मग?”

“मग काही नाही. आता तू मागतोयस. मागितलं की मिळतंच असं थोडंच आहे.”

दुकानदार आत निघून गेला होता. शहाणा माणूस. रिदवानच्या कपाळावर घाम आला होता. त्याला आता विमान दिसत असणार, ती गर्दी, पांढरं वस्त्र, आणि त्या वस्त्राला मागून धरून ठेवलेला बहिणीचा हात. तो घाबरला होता, मनापासून. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला घाबरलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर सोफ्यांच्या पलीकडे, भिंतीशी जाऊन थांबली.

“तो पलंग हवाय का तुला?” त्याने विचारलं. “तो घे. खरंच सांगतो. सोफा राहू दे, मौलिदाचं आपण बघू कुठेतरी. आज रात्रीच पोचवायला सांगतो, गादीसकट. चांगली गादी. बस? आता म्हण, आब्ला. एक शब्द.”

नेरिमानने पलंगाकडे पाहिलं. वरच्या दिव्याचा उजेड त्या फळीवर पडला होता. तिला तो हवा होता. किती हवा होता, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आज रात्री. उजवी कूस, डावी कूस, हातपाय पसरून, कशीही. एकच शब्द तर होता, आणि तो ती आजवर फुकट वाटत आली होती. रिदवान छातीवर हात ठेवून उभा होता आणि तिच्या ओठांकडे बघत होता.

“नको,” ती म्हणाली. “माझ्या खोलीत मावायचा नाही तो. मापं तूच घेतलीस ना?”

तिने चहाचा पेला गल्ल्यावर ठेवला आणि पर्स खांद्याला लावली. कधीतरी नाही म्हटलं की हलकं वाटत असेल, अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. रडू येत होतं. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाला तरी नकार दिला होता, आणि नाकारलं होतं ते नेमकं तिला हवं होतं तेच.